बुधवारचा सरस

मोठ्या बाईंच्या नाकाची ख्याती त्यांच्या पावलांआधी जिना चढत असे. उभी हयात त्यांनी एका मोठ्या इस्पितळाच्या कापडकोठीवर हुकमत गाजवली होती. धुऊन आलेल्या चादरींची चळत समोर ठेवली की घडी न मोडता, नुसते काठाशी नाक नेऊन त्या निकाल देत. "ही नीट वाळलेली नाही. ही वाळलीय, पण सावलीत. आणि ही ज्यानं धुतली त्यानं पाणी बदललेलं नाही. पाठवा त्याला माझ्याकडे." हा निकाल कधी चुकला असेलही, पण चुकला असे तोंडावर सांगण्याची छाती त्या इस्पितळात कोणाची नव्हती, अगदी मोठमोठ्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचीसुद्धा. 'मोठ्या बाई' हे नाव त्यांना तिथेच मिळाले आणि निवृत्तीनंतर ते त्यांच्या मागोमाग घरी आले. आता सगळी इमारत त्यांना त्याच नावाने ओळखत होती आणि त्याच नावाने वचकून होती.

घरात माणसे तीन. चिरंजीव जमिनीचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला. इतरांच्या हद्दी आखून देणारा हा मुलगा आईने आखलेल्या रेषेबाहेर पाऊल टाकत नसे. सूनबाई दातांच्या डॉक्टर. दिवसभर लोकांना "आ करा" म्हणणारी ही मुलगी घरी आली की स्वतःचे तोंड मिटून घेई, कारण घरात एक नियम होता: तक्रार रविवारी, दुपारच्या जेवणानंतर. त्या वेळी मोठ्या बाई आपल्या उंच पाठीच्या खुर्चीत बसत आणि म्हणत, "बोला." हा नियमही कापडकोठीतलाच. तिथे दिवसभर गाऱ्हाणी ऐकत बसल्या असत्या तर एकाही उशीला अभ्रा चढला नसता. "जी तक्रार रविवारपर्यंत टिकते तीच खरी," असे त्यांचे मत होते. "बाकीच्या आपोआप विरून जातात." बहुतेक रविवारी कोणाची काहीच तक्रार नसे, आणि याचा अर्थ घर उत्तम चालले आहे असा त्या घेत.

शेजारची जागा बराच काळ कुलूपबंद होती. तिथे एक विधुर सुतार राहायला आला. नवे काही तो करीत नसे. लोकांच्या जुन्या, खिळखिळ्या खुर्च्या घरी आणायच्या, उकलायच्या आणि पुन्हा सांधायच्या, एवढाच त्याचा उद्योग. सांधायच्या त्याही खिळ्यांनी नव्हे, सरसाने. सरस म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढलेला जुन्या काळचा चिकटा. त्याच्या वाळक्या वड्या रात्री पाण्यात भिजत घालायच्या आणि सकाळी मंद आचेवर वितळवायच्या. शिजताना त्याला भिजलेल्या कुत्र्यासारखा वास येतो. फार नाही, पण मोठ्या बाईंच्या नाकाला 'फार नाही' ही मोजणी ठाऊकच नव्हती.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याचे दार ठोठावले. उंच, वाकलेला, भुवयांवर भुसा साचलेला तो गृहस्थ दारात आला.

"मास्तर, हा वास कसला?"

"सरसाचा, बाई."

"रोज येतो."

"रोज शिजवतो, बाई. लागेल तेवढाच, थोडा थोडा."

"रोज चालणार नाही. आठवड्यातून एकदाच शिजवायचा. बुधवारी. बुधवारी मी घरात नसते."

बुधवारी त्या इस्पितळात जात, कापडकोठीच्या नव्या बाईंना मदत करायला. नव्या बाईंनी ही मदत कधी मागितली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

सुताराने काहीतरी सांगण्यासाठी तोंड उघडले. मोठ्या बाईंची एक भुवई वर गेली. त्याने तोंड मिटले आणि म्हणाला, "होय, बाई."

रात्री जेवताना त्यांनी मुलाला सांगितले, "माणूस वाईट नाही. पण होयबा आहे नुसता." तेव्हापासून त्या घरात शेजाऱ्याचे नाव होयबा पडले.

आता गंमत अशी, की आज्ञा मोडणाऱ्याशी दोन हात करण्याची विद्या मोठ्या बाईंना उत्तम अवगत होती. आज्ञा पाळणाऱ्याशी कसे लढायचे हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. होयबा बुधवारखेरीज एकदाही शेगडी पेटवीत नव्हता. त्यांनी स्वतः कान लावून, नाक लावून खात्री करून घेतली होती. आणि वास? वास वाढला होता. पूर्वी भिजलेला कुत्रा होता. आता तो कुत्रा जणू मेला होता आणि कोणी त्याला पुरायचे विसरले होते.

त्या पुन्हा गेल्या. "मास्तर, तुमची दोन्ही घरांमधल्या डक्टकडची खिडकी उघडी असते. सगळा वास तिथून आमच्याकडे येतो. खिडकी बंद ठेवायची."

"ती उघडी ठेवली की जरा थंड राहतं, बाई, म्हणून..."

"तुम्हाला थंड राहावं म्हणून आम्ही नाकाला रुमाल बांधून फिरायचं का?"

"नाही, बाई. बंद करतो."

उन्हाळा तापू लागला होता. खिडकी बंद झाली आणि वास जिन्यात आला. मोठ्या बाईंनी तिसरा हुकूम सोडला: भांडे उघड्यावर ठेवायचे नाही, घट्ट झाकण लावून कपाटात ठेवायचे, कपाटाचे दार बंद. "होय, बाई." ही आज्ञाही त्याच संध्याकाळी पाळली गेली, त्यांनी कपाटाच्या दाराचा करकर आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला. वास जिन्यातून नाहीसा झाला. मोठ्या बाई विजयी मुद्रेने दाराशी उभ्या राहिल्या, एक दीर्घ श्वास घेतला, आणि मग वळून घरात आल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आले की वास कुठे गेला आहे.

तो छोट्या खोलीत आला होता.

ही छोटी खोली म्हणजे सध्या त्या घराचा प्राण. सूनबाईंना दिवस गेले होते. लग्नाला बरीच वर्षे होऊन, सगळ्यांनी विचारणे सोडून दिल्यावर उगवलेला हा दिवस. बातमी कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी मोठ्या बाईंनी ती खोली रिकामी करविली, भिंतींना फिकट रंग दिला आणि मऊ, जुन्या चादरींची लहान लहान दुपटी शिवून कपाटात रचून ठेवली. नातवंड या खोलीत निजेल, त्याचे रडणे आधी आजीला ऐकू येईल, मग आईला. असा सगळा नकाशा त्यांनी मनात काढून ठेवला होता, नकाशे काढणाऱ्या मुलाला न विचारता. आणि आता त्या खोलीचे दार उघडले की सूनबाई तोंडावर हात धरून उलट पावली न्हाणीघराकडे धावत.

अशातच तो रविवार आला. जेवणे झाली. मोठ्या बाई खुर्चीत बसल्या. "बोला."

नेहमीप्रमाणे 'काही नाही' ऐकायची त्यांची तयारी होती. पण सूनबाईंनी घसा खाकरला.

"आई, आम्ही एक घर बघितलंय."

"कुणासाठी?"

"आमच्यासाठी. माझ्या दवाखान्याजवळ. दोन खोल्यांचं आहे, पण हवेशीर आहे. पुढच्या रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय त्यांना."

मोठ्या बाईंनी मुलाकडे पाहिले. मुलगा छताकडे पाहत होता, जणू तिथेही एखादी हद्द आखायची राहून गेली होती.

"कशासाठी?" त्यांनी विचारले. "काय कमी आहे इथं?"

"कमी काही नाही, आई. जास्तच आहे. तो वास. मला त्या खोलीत पाऊल टाकवत नाही. बाळाला तिथं कसं ठेवू मी?"

"एवढंच ना? पुढच्या रविवारपर्यंत वास गेलेला असेल."

"गेला नाही तर?"

"गेला नाही तर," मोठ्या बाई उठत म्हणाल्या, "मला मोठ्या बाई म्हणू नका." उठताना त्यांच्या खुर्चीचा मागचा पाय कुरकुरला. तो बरेच दिवस कुरकुरत होता. पण त्या खुर्चीबद्दल तक्रार करायची तर ती त्या खुर्चीसमोरच करावी लागली असती, म्हणून कोणी केली नव्हती.

सोमवारपासून युद्धाला तोंड फुटले. छोटी खोली सकाळी फिनेलने पुसली, संध्याकाळी पुन्हा फिनेलने पुसली. धुण्याच्या सोड्याच्या वाट्या कोपऱ्यांत ठेवल्या. मंगळवारी व्हिनेगरमध्ये पिळून काढलेल्या चादरी भिंतीवर टांगल्या. हा उपाय कापडकोठीत रामबाण ठरलेला. परिणाम असा झाला की पूर्वी नुसता मेलेला कुत्रा होता, आता लोणच्यात घातलेला मेलेला कुत्रा झाला. सूनबाईंनी दारातूनच आत डोकावले आणि त्या रात्रीचे जेवण न जेवताच निजल्या.

बुधवारी मोठ्या बाई इस्पितळात गेल्या, पण मन लागेना. नव्या बाईंना आयुष्यात पहिल्यांदा एक शांत बुधवार मिळाला. परतताना मोठ्या बाई आपल्या इमारतीच्या सचिवांकडे थांबल्या. दुसऱ्याकडे दाद मागणे हे त्यांच्या लेखी हुकूम न जमणाऱ्यांचे काम; पण अडला हरी म्हणतात तशी गत. सचिवांना बारमाही सर्दी होती.

"वास?" ते नाक ओढत म्हणाले. "कसला वास? बला तर काहीच येत नाही."

"तुम्हाला सर्दी आहे."

"ती लहानपणापासूनच आहे. बग वास कुठून येणार?"

"तुमच्याकडे येऊन मीच चुकले," मोठ्या बाई म्हणाल्या. "आंधळ्याला चोर ओळखायला बोलवावं तसं झालं."

गुरुवारी आणि शुक्रवारी त्यांनी जिन्यात पाळत ठेवली. वास कमी होण्याचे चिन्ह नव्हते. एक गोष्ट मात्र त्यांच्या नजरेत भरली. दुरुस्त झालेल्या खुर्च्या जिना उतरून जायला हव्यात. इथे उतरलेल्या खुर्च्या परत चढत होत्या. कोणी गाडीवाला खांद्यावर एक खुर्ची घेऊन येई, होयबाच्या दारात ठेवी, आणि म्हणे, "पुन्हा सुटली, मास्तर." आणि होयबा, अर्थातच, "होय" म्हणे.

शनिवारी दुपारी सूनबाई कामावरून लवकर आल्या आणि छोट्या खोलीत कपाटातली दुपटी काढायला गेल्या. कशासाठी, हे मोठ्या बाईंनी विचारले नाही. पिशवी हातात असलेल्या माणसाला तसले प्रश्न विचारायचे नसतात. त्यांनी चपला घातल्या आणि सरळ शेजारचे दार ठोठावले. या खेपेला त्या उंबऱ्याबाहेर थांबल्या नाहीत.

आत जाऊन त्यांनी नजर फिरवली. बसायला येणारी माणसे नाहीत आणि खुर्च्या मात्र भिंतीपासून भिंतीपर्यंत. पाय वर केलेल्या, पाठ नसलेल्या, दोरीने आवळलेल्या, एकमेकींच्या मांडीवर चढलेल्या. खिडकी बंद. हवा अशी की कापून वाटून द्यावी. आणि या सगळ्याच्या मधोमध होयबा हातात खुर्चीचा एक सुटलेला पाय घेऊन उभा होता.

"मास्तर, आज मला सोक्षमोक्ष लावायचाय. माझी सून घर सोडून चाललीय तुमच्या या वासापायी. तुम्ही माणूस आहात की कोण? तुमच्या नाकाला काही संवेदना आहे की नाही?"

"नाही, बाई."

"काय नाही?"

"नाक नाही, बाई. म्हणजे आहे ते दिसायला. आयुष्यभर व्हार्निश आणि भुसा. कधीच गेलं ते. मला कशाचाच वास येत नाही." तो ओशाळून इकडेतिकडे पाहू लागला. "खरंच फार येतो का हो?"

मोठ्या बाईंना वाटले, आपण बसावे. सोक्षमोक्ष बसूनच लावायचा असतो. जवळच एक नीटनेटकी दिसणारी खुर्ची होती, उंच पाठीची, जवळजवळ घरच्या खुर्चीसारखीच.

"बाई, त्या खुर्चीवर..." होयबा म्हणाला.

"मला कुठं बसायचं ते कळतं."

"होय, बाई," होयबा म्हणाला, आणि मोठ्या बाई बसल्या.

खुर्चीने क्षणभर त्यांचा मान ठेवला. मग तिचे चारही पाय चार दिशांना निघून गेले, पाठ मागे कोसळली आणि मोठ्या बाई गोणपाटाच्या ढिगावर धपकन येऊन विसावल्या. अंबाडा सुटला. चष्मा भुशात गेला. इस्पितळातल्या कोणी हे पाहिले असते तर त्या दिवशी सुट्टी जाहीर झाली असती.

"लागलं का, बाई? लागलं का हो?"

"लागायचं ते लागलं. तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

"सांगत होतो, बाई. तुम्ही..." तो खाली बसला, मोडक्या खुर्चीचा सांधा हातात घेऊन त्यावर अंगठा फिरवू लागला. त्याचा आवाज खाली गेला. "आता माझे हात गेले, बाई. आधी नाक गेलं, आता हात. जे सांधतो ते सुटतं. माझी एक खुर्ची कधी परत आली नव्हती आजवर. आता रोज येतात."

मोठ्या बाई उत्तर देणार, तोच त्यांच्या अगदी कानाशी कोणाला तरी ओकारीची उबळ आली. त्यांनी दचकून पाहिले. शेजारी भिंतीतले कपाट होते. कपाटातून पुन्हा उबळ आली, मग पावले, मग दार आपटल्याचा आवाज. तो सूनबाईंचा आवाज होता. म्हणजे या कपाटाच्या पाठीमागे नुसती एक फळी, आणि फळीच्या पलीकडे छोटी खोली.

त्यांनी कपाटाचे दार उघडले आणि भांड्याचे झाकण काढले. पुढचा क्षण येथे वर्णन करण्याजोगा नाही. पण उभी हयात नाकावर काढलेली ती बाई डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही निकाल द्यायला चुकली नाही.

"हे शिळं आहे, मास्तर. शिळं नाही, सडलंय. हे कधीचं आहे?"

"बुधवारचं, बाई. पण ते नवं जुन्यातच ओतलेलं. दर बुधवारी आठवड्याचं एकदम शिजवून ठेवतो ना."

"आठवडाभर टिकतं का हे?"

"नाही टिकत, बाई. थंडीत दोन-तीन दिवस राहतं खिडकीत ठेवलं तर. उकाड्यात नासतं. पूर्वी मी रोज ताजा करायचो. उरलासुरला असला तर बायको सकाळी वास घ्यायची आणि सांगायची, 'चालेल' नाहीतर 'टाका'. नाक तिचंच होतं, बाई, आमच्या दोघांत. नासलेला सरस धरत नाही हे मला ठाऊक आहे, पण नासलाय कधी ते कळणार कसं? वाटलं, झाकून ठेवलाय, राहत असेल."

"मग आठवड्यातून एकदाच शिजवा असं कुठल्या शहाण्यानं..." मोठ्या बाई थांबल्या.

होयबाने मान खाली घातली. ते 'तुम्हीच' म्हणण्यासारखेच होते; त्याच्यासारख्या माणसाला एवढा उद्धटपणाही पुष्कळ होता.

मोठ्या बाई मनात मोजू लागल्या. बुधवारचा हुकूम त्यांचा. खिडकीचा त्यांचा. कपाटाचा, झाकणाचा, तोही त्यांचाच. तिन्ही हुकूम सुबक, स्पष्ट आणि ताबडतोब पाळले गेलेले. असला निमूट, बिनतक्रार आज्ञाधारकपणा पाहून त्यांना असा संताप आला की तो सडका सरस या माणसाच्या डोक्यावर उपडा करावा.

"तुमच्या तोंडाला कुलूप होतं का, मास्तर? पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं, की बाई, हे नासेल?"

"तुम्ही विचारलं नाहीत, बाई."

"विचारलं नाही म्हणून सांगायचं नाही?"

"तुमची भुवई वर गेली होती," होयबा म्हणाला.

मोठ्या बाईंनी गोणपाटावरून उठण्यासाठी हात पुढे केला. होयबाने आपला हात दिला. तो घट्ट हात धरून त्या उठल्या, आणि उठता उठता त्यांच्या लक्षात आले की या हातात काहीही बिघडलेले नाही.

"ऐका. हे भांडं आत्ता रिकामं करायचं, इमारतीपासून लांब नेऊन. खिडकी उघडायची. कपाट धुऊन उघडं ठेवायचं, सोडा मी देते. आणि उद्यापासून सरस रोज शिजवायचा, ताजा, लागेल तेवढाच."

"होय, बाई. पण उरला तर? वास कोण घेणार?"

"मी मेले नाही अजून," मोठ्या बाई म्हणाल्या, चष्मा भुशातून उचलला आणि अंबाडा बांधत बाहेर पडल्या.

रविवारी दुपारी जेवणे झाली तेव्हा मुलगा आणि सून दिवाणखान्यात येऊन थबकली. उंच पाठीची खुर्ची जागेवर नव्हती. मोठ्या बाई एका बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या, त्यामुळे त्यांचे डोके प्रथमच सगळ्यांच्या डोक्यांच्या खाली आले होते.

"आई, खुर्ची?"

"मास्तरांकडे. मागचा पाय सुटलाय. तुम्हाला दोघांना ऐकू येत होतं ना? मग बोलला का नाहीत?" उत्तराची वाट न पाहता त्या पुढे म्हणाल्या, "वासाचा तपास पुरा झाला. दोष सापडला. आठवड्याचा सरस एकदम शिजवायचा हा हुकूम चुकीचा होता."

"कुणाचा हुकूम?" चिरंजीवांच्या तोंडून निघून गेले.

"या इमारतीत हुकूम किती जण देतात, बाळा?"

सूनबाईंनी ओठ दाबले. ते हसू होते की उबळ, हे ओळखणे कठीण. "मी आत्ता खोलीत जाऊन आले, आई. वास खूप कमी झालाय."

"मग झालं तर. ते घर नको म्हणून कळवा."

"पण माझी तक्रार आहे."

"वास कमी झाला म्हणालीस ना?"

"तक्रार वासाची नाही." सूनबाई समोरच्या कोचावर टेकल्या. दवाखान्यात रोग्याला धीर देताना वापरीत असतील तोच सूर त्यांनी लावला. "आई, माझ्या तक्रारी रविवारी येत नाहीत हो. मंगळवारी येतात, गुरुवारी येतात. त्या रविवारपर्यंत ठेवल्या की मग त्या..."

"पुरे. माझ्या घराची त्या भांड्याशी बरोबरी करू नकोस."

"मी कुठं भांड्याचं नाव काढलं?"

खरेच काढले नव्हते. चिरंजीव पुन्हा छताकडे पाहू लागले. मोठ्या बाई स्टुलावर ताठ बसून होत्या. पण स्टुलाला पाठ नसते, त्यामुळे ताठ बसायला बळ लागते.

"बाळ कधी रडेल ते रविवार बघून ठरवणार नाही," सूनबाई हळूच म्हणाल्या. "आणि घर सोडायचं माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते वासानं नाही. वासाचं सांगता तरी येत होतं."

पदर सावरून मोठ्या बाई म्हणाल्या, "बरं. रविवारचा नियम रद्द. पण जेवताना कुरकुर नको."

"जेवताना नाही."

"आणि सकाळी माझा चहा व्हायच्या आधी नाही."

"ते जमेल असं सांगत नाही," सूनबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "त्यांना फोन करा. सांगा, सध्या नको."

'सध्या' हा शब्द मोठ्या बाईंच्या कानाला चांगलाच टोचला. त्यावर त्यांनी काहीही बोलायचे नाही असे ठरवले, आणि हे मौन त्यांना खुर्चीवरून पडण्यापेक्षा जास्त लागले.

सोमवारी उजाडले न उजाडले तोच दार वाजले. मोठ्या बाईंचा चहा झाला नव्हता, केस विंचरलेले नव्हते. दारात होयबा उभा होता, दोन्ही हातांत एक पातेली धरून, औषध आणावे तितक्या अदबीने.

"बाई, वास."

"मास्तर, ही काय वेळ आहे?"

"तुम्ही वेळ सांगितली नव्हती, बाई."

मोठ्या बाईंची भुवई वर जाऊ लागली. अर्ध्या वाटेत त्यांनी ती थांबवली. 'आठ वाजता यायचं' हे शब्द जिभेच्या टोकापर्यंत आले होते, ते त्यांनी गिळले, आणि कडू औषध घ्यावे तसे तोंड करून त्या म्हणाल्या, "तुम्ही कामाला कधी बसता?"

होयबा गोंधळून पातेलीकडे पाहू लागला. "ऊन चढायच्या आत, बाई. लाकूड तेव्हा शांत असतं."

"बरं. मग याच वेळेला या." त्यांनी पातेलीशी नाक नेले. "हा कालचा?"

"कालचा उरलेला."

"टाका. ताजा करा. माझी खुर्ची त्यानं सांधायचीय, लक्षात आहे ना?"

"होय, बाई," होयबा म्हणाला, आपल्या दाराकडे दोन पावले गेला आणि थबकला. "बाई, एक बोलू का? त्या खुर्चीचा पुढचा पायसुद्धा हलतोय."

"मग तोही सांधा! मला काय विचारता?"

त्या दार लावून वळल्या. छोट्या खोलीचे दार उघडे होते. आत सूनबाई दुपटी पुन्हा कपाटात रचीत होत्या. त्यांची पाठ हसण्याने हलत होती.

"आई, तक्रार आहे."

"माझा चहा झालेला नाही."

"छोटीशीच आहे. या खोलीत अजून थोडा वास येतोय."

मोठ्या बाई तरातरा खोलीत आल्या. भिंत हुंगली, कपाट हुंगले, कोपरे हुंगले. "कुठं? कसला वास? सरसाचा तर नावालासुद्धा नाही!"

"सरसाचा नाही," सूनबाई म्हणाल्या. "तुमच्या फिनेलचा."

नियम रद्द होऊन जेमतेम एक रात्र उलटली होती. मोठ्या बाईंनी ओठ आवळले, बादली उचलली आणि साधे, स्वच्छ पाणी आणायला न्हाणीघराकडे निघाल्या.